बेकहॅमचं नाव, मिया हॅमचं पोस्टर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला खेळ आणि सिनेमा यांवरचा लेख वाचला. माहिती भरपूर आहे, भाषाही झकास. पण एका विधानापाशी अडलो. काल्पनिक चित्रपटात खऱ्या फुटबॉलपटूंची नावं येतात ती फक्त तिकीटबारीसाठी, असं लेखकाने ठोकून दिलं आहे आणि दाखला दिलाय ‘बेंड इट लाइक बेकहॅम’चा. विधान एरवी खपून गेलं असतं. दाखला मात्र साफ चुकला.

गुरिंदर चढ्ढांचा हा चित्रपट 2002 सालचा. पश्चिम लंडनमधल्या हाउन्स्लोतल्या शीख घरातली जसमिंदर बागेत पोरांबरोबर फुटबॉल खेळते, ज्यूल्स नावाची गोरी मुलगी तिला हेरून मुलींच्या क्लबात नेते आणि घरी महाभारत सुरू होतं. कथा पूर्ण काल्पनिक. पण त्यात घेतलेली खऱ्या खेळाडूंची नावं एकेक करून तपासली, तर प्रत्येक नाव काही ना काही सांगतं. त्यात बेकहॅमचंच नाव सगळ्यात कमी सांगतं, असं माझं मत.

इंग्लंडचा फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम याच्या नावाने गर्दी खेचली, हे कबूल. ऑक्टोबर 2001 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर ग्रीसविरुद्ध शेवटच्या मिनिटांत त्याने ती फ्री किक मारली, सामना 2-2 झाला, इंग्लंड विश्वचषकाला पात्र ठरलं आणि सहाच महिन्यांत हा चित्रपट आला. याहून चांगला मुहूर्त कुणाला मिळणार? पण त्याआधीचंही आठवावं. 1998 च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध लाल कार्ड घेऊन बाहेर गेलेल्या याच बेकहॅमचा पुतळा लंडनमधल्या एका पबबाहेर फासावर लटकवला होता. देशाने आधी झिडकारलेला आणि मग डोक्यावर घेतलेला हा माणूस आहे. आपण इथले की बाहेरचे, याचा रोज हिशेब द्यावा लागणाऱ्या मुलीने नेमका तोच भिंतीवर लावलाय.

तिच्या आईला त्या पोस्टरमध्ये काय दिसतं? घरात मोठ्या लेकीचा साखरपुडा आणि धाकटी त्या डोकं भादरलेल्या पोराकडे बघत बसलेली! बेकहॅमने तेव्हा केस अगदी बारीक कापले होते. आपल्याकडे प्रेक्षक या जागी हसतात. साउथॉल-हाउन्स्लो भागातल्या आशियाई कुटुंबांना हसण्याबरोबर आणखीही काही आठवलं असेल. 1976 मध्ये साउथॉलमध्ये एका शीख तरुणाचा खून झाला. 1979 मध्ये तिथेच नॅशनल फ्रंट या गोऱ्या वंशवाद्यांच्या पक्षाच्या सभेविरुद्धच्या निदर्शनांत ब्लेअर पीच हा शिक्षक मारला गेला. जुलै 1981 मध्ये डोकी भादरलेल्या गोऱ्या टोळक्यांच्या गाण्यांचा कार्यक्रम ठेवला म्हणून स्थानिक आशियाई पोरांनी हॅम्ब्रो टॅव्हर्न हा पबच पेटवून दिला. तशा डोक्याचा पोरगा लेकीच्या भिंतीवर पाहून ती आई चिडली तर नवल कसलं. दिग्दर्शिकेने हे कुठेही समजावून सांगितलेलं नाही, एका वाक्यात सोडून दिलंय. जसमिंदरला दिसतो फ्री किकचा बादशहा आणि आईला दिसतं ते डोकं.

आता सुरुवातीचा स्वप्नप्रसंग घ्या. जसमिंदर मँचेस्टर युनायटेडच्या जर्सीत बेकहॅमच्या क्रॉसवर गोल करते आणि स्टुडिओत गॅरी लिनेकर, अ‍ॅलन हॅन्सन आणि जॉन बार्न्स हे माजी फुटबॉलपटू तिचं कौतुक करतात. तिघेही खरे, तिघेही स्वतःच्याच भूमिकेत. मग तिची आई स्टुडिओत अवतरते आणि लेकीला तर झापतेच, पण तिला चढवून ठेवू नका म्हणून या तिघांनाही दम भरते. (हॅन्सन तिथे असणं ही एक खोडीच वाटते मला. 1995 मध्ये युनायटेड ॲस्टन व्हिलाकडून 3-1 ने हरल्यावर ‘पोरासोरांच्या जिवावर काही जिंकता येत नाही’ असं टीव्हीवर म्हणणारे हेच गृहस्थ. त्या सामन्यात युनायटेडचा एकमेव गोल बेकहॅमचा आणि त्या मोसमात लीग आणि एफए कप दोन्ही युनायटेडकडे!)

पण त्या स्टुडिओत महत्त्वाचा माणूस बार्न्स. जमैकात जन्मलेला, इंग्लंडसाठी 79 सामने खेळलेला. जून 1984 मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियमवर ब्राझीलची बचावफळी एकट्याने भेदून त्याने जो गोल केला, तो आजही दाखवतात. इंग्लंड तो सामना 2-0 ने जिंकलं. त्या दौऱ्यातल्या विमानप्रवासात नॅशनल फ्रंटचे समर्थक होते. त्यांच्या लेखी निकाल 1-0 होता, कारण काळ्या माणसाचा गोल ते मोजत नव्हते. हिंदुस्थानी वंशाच्या मुलीला इंग्लंडच्या संघात जागा आहे का, या गप्पांत बार्न्सला बसवणं हे तिकीटबारीचं गणित असेल, तर ते मला तरी सुटलेलं नाही.

लेखकाच्या नजरेतून पार निसटलेलं नाव वेगळंच आहे. ज्यूल्सच्या खोलीत पोस्टर आहे ते मिया हॅमचं. अमेरिकेची ही स्ट्रायकर 1991 आणि 1999 असे दोन विश्वचषक जिंकली, आंतरराष्ट्रीय गोल 158. 1999 च्या अंतिम सामन्याला पासाडिनाच्या रोझ बोलमध्ये 90 हजारांवर लोक होते. ज्यूल्स जसमिंदरला सांगते की अमेरिकेत बायकांची पगारी लीग आहे, आपण तिकडे जायचं. इथून पुढे चित्रपटाचं सगळं कथानक या पोस्टरच्या मागे चालतं, शीर्षकातल्या नावाच्या मागे नाही. शेवटी दोघी विमानात बसतात त्या कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा विद्यापीठात जायला, मँचेस्टरला नव्हे. सांता क्लारा हेही खरं ठिकाण. 2001 मध्ये तिथल्या मुलींचा संघ अमेरिकन विद्यापीठांचा विजेता होता.

इंग्लंडमधल्या दोन मुलींपैकी एकीचा आदर्श पुरुष आणि दुसरीचा परदेशी बाई, असं का? कारण तोवर इंग्लंडने आपल्या मुलींना घरची मिया हॅम मिळूच दिली नव्हती. 1920 च्या नाताळात, 26 डिसेंबरला, प्रेस्टनच्या ‘डिक, कर’ कारखान्यातल्या कामगार बायकांचा सामना बघायला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर 53 हजार लोक आले होते. वर्षही झालं नव्हतं तोच, डिसेंबर 1921 मध्ये इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने हा खेळ बायकांना मुळीच शोभत नाही असं लेखी ठरवून क्लबांना आपली मैदानं त्यांना द्यायची मनाई केली. ही बंदी उठायला 1971 उजाडलं. पन्नास वर्षं! चित्रपट आला तेव्हा पूर्णवेळ पगारी म्हणावा असा महिलांचा क्लब होता तो फुलहॅम आणि तोही प्रयोग 2003 मध्ये गुंडाळला गेला.

आपल्या लेखात जसमिंदरच्या आईला ‘मागासलेल्या विचारांची’ म्हटलंय, ते मला म्हणूनच खटकलं. सत्तर हजार लोकांपुढे उघड्या पायांनी धावणं पोरीला शोभत नाही, असं ती म्हणते. लंडनमधल्या सुटाबुटातल्या साहेबांनी 1921 मध्ये दुसरं काय म्हटलं होतं? फरक एवढाच की आईच्या हातात एका मुलीचे बूट होते आणि साहेबांच्या हातात देशभरची मैदानं. आणि ज्यूल्सची गोरी, इंग्लिश आई काही कमी घाबरलेली नाही, हेही चित्रपट दाखवतो.

वडिलांचं दुखणं वेगळं आहे. नैरोबीत ते उत्तम फास्ट बोलर होते, इंग्लंडमध्ये आल्यावर क्लबातल्या गोऱ्यांनी पगडीची थट्टा करून हाकललं. आपली पोरं लीगमध्ये आहेतच कुठे, हा त्यांचा सवाल. लेक उत्तर देते नासिर हुसेनचं नाव घेऊन, तेव्हाचा इंग्लंडचा क्रिकेट कर्णधार, जन्म आपल्या मद्रासचा. त्यावर आई पटकन म्हणते, तो मुसलमान, त्यांच्या घरची रीत वेगळी. म्हणजे बाहेर गोऱ्यांनी रेष मारली म्हणून रडायचं आणि घरात आपणही एक रेष मारून ठेवायची. एका क्रिकेटपटूच्या नावावर दिग्दर्शिकेने आपल्याच लोकांना चिमटा काढलाय.

खरे खेळाडू सिनेमात आणायच्या इतरही तऱ्हा आहेत. 1981 च्या ‘एस्केप टू व्हिक्टरी’मध्ये पेले, बॉबी मूर, अर्दिलेस प्रत्यक्ष खेळतात, पण युद्धकैद्यांची खोटी नावं घेऊन. तिथे चेहऱ्याचं भांडवल आहे, तिकीटबारीचा आरोप तिकडे खुशाल करा. 2009 च्या ‘लुकिंग फॉर एरिक’मध्ये केन लोच यांनी मँचेस्टर युनायटेडचा माजी खेळाडू एरिक कँटोना यालाच मँचेस्टरच्या एका खचलेल्या पोस्टमनच्या कल्पनेत आणून बसवलं. तो पोस्टमन विचारतो, तुझा सर्वांत गोड क्षण कोणता? आणि नाना गोल केलेला हा माणूस सांगतो एक पास, टॉटनहॅमविरुद्ध डेनिस आयर्विनला दिलेला. आपल्या सोबत्यांवर विश्वास ठेव, एवढं त्या पोस्टमनला कळायला हवं होतं आणि ते काल्पनिक खेळाडूच्या तोंडून कुणाला पटलं नसतं. प्रेक्षकांनी तो पास पाहिलेला होता.

बेकहॅम मात्र त्याच्या नावाच्या चित्रपटात स्वप्नातल्या त्या क्रॉसपलीकडे येतच नाही. शेवटी हीथ्रो विमानतळावर तो दुरून चालत जाताना दिसतो आणि तोही त्याच्यासारखा दिसणारा तोतया! तो थांबत नाही, मुलींशी बोलत नाही, सहीसुद्धा देत नाही. नावाची जाहिरात करणाऱ्याने त्याला निदान दोन वाक्यं दिली असती.

मी हे पत्र कोल्हापुरातून लिहितोय, म्हणून थोडं आमच्याबद्दल. इथे पेठापेठांची ईर्ष्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलने फेडली जाते. विश्वचषक आला की गल्लीगल्लीत मेस्सी आणि नेमारचे फलक उभे राहतात. आता मुलीही मैदानात उतरल्यात. त्यांनी भिंतीवर कुणाला लावावं? इंग्लंडच्या मुलींचा तो प्रश्न 31 जुलै 2022 ला मिटला. वेम्बलीवर 87,192 लोकांसमोर क्लोई केलीने जर्मनीविरुद्ध जादा वेळेत गोल केला आणि युरो जिंकून दिला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला महिलांची आशियाई स्पर्धा आपल्याच राज्यात, मुंबई-नवी मुंबई-पुण्यात भरली होती. यजमान भारताला करोनामुळे बाहेर पडावं लागलं आणि बहुतेकांच्या लक्षात राहिलं तेही तेवढंच. जुलै 2025 मध्ये थायलंडला त्यांच्याच मैदानावर 2-1 ने हरवून आपल्या मुली 2026 च्या आशियाई स्पर्धेला पात्र ठरल्या. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. हे नाव आमच्या तालमीच्या कट्ट्यावर विचारून बघितलं. ज्यांना युरोपातल्या दुसऱ्या फळीच्या क्लबांचे गोलकीपर पाठ आहेत, ते एकमेकांकडे बघत राहिले.

लेखकाने पुढचा भाग लिहिणार असल्याचं म्हटलंय. त्यात मिया हॅमबद्दल चार ओळी याव्यात ही विनंती. आणि पुरवणीच्या मधल्या पानावर आपण अधूनमधून खेळाडूंची पानभर रंगीत छायाचित्रं देता, कापून भिंतीला लावता येतील अशी. त्यात एकदा संगीता बासफोरचं द्या.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर