सव्हानाच्या ग्रंथालयातल्या त्या बाईंचे आभार

माझ्या सासूबाईंचं माहेर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं, कृष्णवर्णीय घराणं. त्यांचं मूळ शोधताना आम्ही १८७० च्या जनगणनेपाशी अडकलो. त्याआधीच्या, १८५० आणि १८६० च्या जनगणनेतल्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव असतं. माणसाचं बहुतेक ठिकाणी फक्त वय, लिंग आणि वर्ण. सासूबाई अगदी गप्प झाल्या.

जॉर्जियातल्याच सव्हाना शहरातल्या ग्रंथालयाच्या वंशावळ कक्षातल्या स्वयंसेविका बाईंनी ते पाहिलं आणि फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेच्या सव्हाना शाखेच्या नोंदी काढून दिल्या. १८६५ साली मुक्त गुलामांसाठी निघालेली ही बँक. खातं उघडताना आईवडील, भावंडं यांचीही नावं लिहून घेत. जुनं अक्षर आम्हाला लागेना, म्हणून बाई ओळ न ओळ वाचत बसल्या. पणजोबा सापडले, आणि त्यांची आई! तिचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

सासूबाईंना कमी दिसतं. बाईंनी ती नावं कोऱ्या कागदावर मोठ्या, ठळक अक्षरांत लिहून त्यांच्या हातात दिली, आणि बंद व्हायची वेळ टळली तरी शेजारी बसून राहिल्या.

त्या बाईंचे मनापासून आभार. या नोंदींची सूची वर्षानुवर्षं खपून करणाऱ्या अमेरिकेतल्याच यूटा राज्याच्या तुरुंगातल्या कैद्यांचेही.