बुजलेला चेहरा

सातारा,
१२ जुलै

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तू रंगवलेल्या भालाईताच्या मिनिएचरचे, म्हणजे त्या चिमुकल्या मूर्तीचे, फोटो मिळाले. रंगांची निवड झकास आहे, पण चेहरा बुजलाय आणि चिलखताच्या कड्या एकमेकींत मिसळल्यात. हाताला दोष देऊ नकोस. फोटो मोठा करून झगा बघ, त्यावर रवाळ पोत दिसेल. गडबड प्राइमरपासूनच, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराच्या थरापासूनच आहे.

स्प्रे फार लांबून मारला की थेंब हवेतच सुकतात आणि मिनिएचरवर भुकटी होऊन बसतात. सांगलीच्या मे महिन्यातल्या कोरड्या उन्हात तर हमखास. कॅन दोन मिनिटं हलव, २० ते २५ सेंटिमीटरवरून मार, फवारा मूर्तीच्या अलीकडे सुरू कर आणि पलीकडे नेऊन सोड. एका जागी रेंगाळलास तर खाचा भरून जातील. सध्या मात्र स्प्रे नकोच. इथे अजिंक्यतारा दिवसदिवस ढगात असतो. तुझ्याकडे उघडीप जास्त, तरी आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तेव्हा ब्रशने लावायचा प्राइमर बरा: एक पातळ हात, तो पूर्ण सुकला की दुसरा.

त्याआधी जुना रंग काढ. काचेच्या बरणीत मूर्ती बुडेल इतकं आयसोप्रोपिल अल्कोहोल घे, झाकण लावून अर्धा तास ठेव, मग जुन्या टूथब्रशने घास. हातमोजे घाल, खिडकी उघडी ठेव, गॅसपासून लांब बस. तुझी मूर्ती कडक प्लॅस्टिकची आहे म्हणून हे सांगतोय, रेझिन यात मऊ पडू शकतं. सुपरग्लूने चिकटवलेली ढाल सुटली तर सुटू दे, मागची छाती रंगवायला सोपी जाईल. पायावरून जी उभी रेघ जाते ती साच्याच्या जोडाची. कटरच्या पात्याच्या बोथट पाठीने ती हलकेच खरवड. कोऱ्या प्लॅस्टिकवर ती लपते, वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) दिला की ठसठशीत उठते.

आता रंग. बाटलीतून थेट लावलेला रंग ३२ मिलिमीटरच्या माणसाला गोधडीसारखा झाकतो. बेसकोटला, म्हणजे रंगाच्या मूळ थराला, दोन थेंब रंगात एक थेंब पाणी घाल, नखावर ओढून बघ: कडा सरळ राहिली पाहिजे. पहिला हात डागाळलेला दिसतो, ते ठीकच. दुसऱ्या-तिसऱ्या हातात तो भरतो. अर्धवट सुकलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवलास तर खालचा उचलून येतो. पाणी भरमसाट घातलं तर रंगाला धरून ठेवणारा चिकट भाग विरळ होतो, मग तो सपाटीवरून घसरून खाचेत जमतो. रंग पॅलेटवरच वाळत असेल तर झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ओला टिश्यू पसर, वर बेकिंगचा बटर पेपर ठेव आणि त्यावर रंग काढ.

आणि तुझा तो अगदी बारीक, तीन शून्यांचा (000 नंबरचा) ब्रश बाजूला ठेव! त्याच्या पोटात रंग मावतच नाही, डोळ्यापर्यंत पोचायच्या आत टोकावर सुकतो. टोकदार १ नंबरचा घे. केस धरणाऱ्या पत्र्याच्या नळीपर्यंत रंग चढू देऊ नकोस, केस कायमचे फाकतात.

चेहऱ्यात डोळे आधी. मळकट पांढरा भर आणि बुबुळ ठिपक्याऐवजी वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत बारीक उभ्या रेघेने काढ. सुटा ठिपका दिला की माणूस दचकल्यासारखा दिसतो. सांडलेलं नंतर त्वचेच्या रंगाने कापता येतं. मग त्वचेवर तपकिरी वॉश. हनुवटीखाली डबकं साचलं तर ओलं असतानाच ओलसर ब्रशने टिपून घे, नाहीतर सुकल्यावर कडेने गोल डाग उमटतो. वॉश पूर्ण वाळला की नाक, गालाची हाडं आणि कपाळ मूळ रंगाने पुन्हा उजळ.

चिलखताला ड्रायब्रश चालेल. चंदेरी रंग घेऊन ब्रश टिश्यूवर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पूस, मग कड्यांवरून आडवा फिरव. झग्याला मात्र तो नको, कापड खडूने घासल्यासारखं दिसतं.

शेवटी रंगाच्या रक्षणासाठी द्यायच्या मॅट (बिनचमकीच्या) वार्निशलाही दमट हवा बाधते, वर पांढुरकं धुकं धरतं. मूर्ती खेळात रोज हाताळली जाणार असेल तर आधी ग्लॉसचा (चकचकीत वार्निशचा) एक हात दे, तो सुकल्यावर मॅट. प्राइमरचे दोन हात झाले की उजेडात खिडकीशी फोटो काढून पाठव. चेहऱ्याला हात लावायच्या आधी तेवढं पाहू.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश