मिस्त्रीमामा, भिंतीला घातलेल्या टाक्यांबद्दल

आदरणीय मिस्त्रीमामा,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या नातवाला मोबाइलवर मोठ्यानं वाचून दाखवायला सांगितलं आहे. समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही "बरं बरं" म्हणत उठता, म्हणून लिहिते आहे. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण आपल्या उमरगा-लोहारा भागात दगडमातीची, माळवदाची (लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेली) घरं अजून उभी आहेत आणि त्यात राहणारी माणसं आमच्यासारखीच त्यांना भिऊन आहेत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी नऊ वर्षांची होते. गणपती विसर्जन करून गाव झोपलं होतं. चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. किल्लारी-सास्तूरकडच्या गावांचं जे झालं ते तुम्हाला मी काय सांगावं. आमचं गाव थोडं लांब, त्यामुळे घर उभं राहिलं. पण माजघराच्या भिंतीला पोट आलं आणि कोपऱ्यात हात जाईल एवढी भेग पडली. नंतर सरकारकडून दुरुस्तीचे पैसे आले. बाबांनी, गावात बऱ्याच जणांनी केलं तेच केलं: जुन्या घराला हात न लावता परसात पत्र्याची एक खोली बांधली. आई त्या दिवसापासून दगडी घरात झोपली नाही. स्वयंपाक आत, धान्य आत, देव आत. झोपायला मात्र पत्र्याखाली. मे महिन्यातही.

बाबा गेल्यावर मी घराचं काय करायचं ते विचारायला एका ठेकेदाराला बोलावलं. तो ओसरीवरूनच म्हणाला, "पाडा आणि स्लॅब टाका." त्यानं भिंतीला हातसुद्धा लावला नाही. तुम्ही आलात तेव्हा पहिला अर्धा तास काही बोललाच नाहीत. हातोड्याच्या दांड्यानं भिंत ठोकत सगळ्या खोल्या फिरलात. मग मला जवळ बोलावून म्हणालात, "ऐक. हितं आवाज भरीव हाय. आन् हितं बघ, पोकळ वाजायलंय." माजघराच्या त्या पोटावर माझा हात ठेवलात. इतकी वर्षं मी त्या भिंतीच्या बाजूनं अंग चोरून जात होते.

आमची भिंत अडीच फूट जाड, म्हणून आम्ही तिला भक्कम समजायचो. ती एक भिंत नाहीच, हे मला तुमच्याकडून कळलं. बाहेरचा काळ्या दगडांचा एक थर, आतला एक थर आणि मध्ये माती आणि दगडगोट्यांची भर. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. जमीन हलली की मधली भर खाली बसते आणि दोन थर एकमेकांपासून सुटतात. त्यात डोक्यावर माळवदाचं ओझं. दरवर्षी पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर घालायचा, जुना कुणी काढायचा नाही. आजोबांच्या आधीपासूनची माती वर साठली होती. आमच्या कोठीच्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर ती दोन फूट भरली. वहीत हिशेब मांडला तेव्हा आकडा दहा टनांच्या वर गेला.

कोठीपासून सुरुवात करायला तुम्ही लावलंत, सगळ्यात लहान खोली म्हणून. आधी तुळयांखाली टेकू, मग माती उतरवणं, तेही एका बाजूनं नाही, सगळीकडून सारखं. आठ इंच माती ठेवायची, बाकीची काढायची. मी आणि माझा भाऊ शनिवार-रविवार घमेली वाहत होतो. चारशेच्या आसपास घमेली उतरली आणि त्या खोलीच्या कड्या इतक्या वर्षांनी मोकळ्या झाल्यासारख्या वाटल्या.

मग टाके. कागदावर त्याला काहीही म्हणत असतील, तुम्ही टाकेच म्हणता आणि मीही तेच म्हणणार. एक दगड हळूच सैल करून काढायचा, मधली भर हातानं उकरायची, पलीकडचा दगड काढायचा. आरपार भोक झालं की दोन्ही टोकांना वाकवलेली आठ मिलिमीटरची सळई त्यात ठेवून काँक्रीट ठासायचं, आणि दहा दिवस पाणी मारत राहायचं. साधारण तीन-तीन फुटांवर एक, खालीवर आडवेतिडवे. कोठीच्या चार भिंतींत ३१ टाके झाले. पहिले चार तुम्ही घातलेत. पाचव्याला हातोडा माझ्या हातात दिलात आणि बाजूला पाट घेऊन बसलात.

नवव्या टाक्याला मी घाई केली. संध्याकाळ होत आली होती, म्हणून शेजारचे दोन दगड एकदम काढले. आतली भर ओघळायला लागली आणि ती थांबेना. तुम्ही ओरडला नाहीत. फळी आणून भोकावर दाबून धरलीत आणि शांतपणे म्हणालात, "टेकू आण. पळू नको." काम सावरलं. मी थरथरत होते. त्या दिवशी चहा पिताना तुम्ही जे सांगितलंत ते मी आजवर कुणाला बोलले नाही, पण परवा तुमची परवानगी घेतली म्हणून लिहिते. भूकंपानंतर तुम्ही ढिगारे उपसायला गेलात, त्यांतल्या काही भिंती तुम्हीच तरुणपणी बांधलेल्या होत्या. "तवा आरपार दगड घालायचं आमाला कुणी सांगितलं नव्हतं माय. दगड महाग, मनून मालकबी नको म्हणायचे." पुढे दुरुस्ती आणि बळकटीकरणाच्या कार्यक्रमात गवंड्यांना शिकवायला लागले तेव्हा तुम्ही सगळ्यांच्या आधी जाऊन बसलात. मामा, तुम्ही आमच्याकडून पुरी मजुरी का घेत नव्हता ते मला त्या दिवशी उमगलं. तीन वर्षांत फक्त स्वतः थापी धरली त्या दिवसांची हजेरी घेतलीत, बाकीचे रविवार नुसते येऊन बसलात. त्या बसण्यामुळेच माझा हात धीट झाला.

माळवदाच्या खाली, भिंतीला आतून-बाहेरून जाळीचा पट्टा बांधून सिमेंट केलं, खांब आणि तुळयांच्या मध्ये तिरपे लाकडी टेकू कायमचे ठोकले, मातीखाली जाड प्लास्टिक अंथरून पन्हाळीकडे उतार दिला. ही कामं तुमच्या देखरेखीखाली सरळ पार पडली.

गिलाव्याचं मात्र लिहायलाच हवं. आतून मातीचाच गिलावा करायचा असं ठरलं, आणि मी विचारलं की माती किती, भुसा किती. तुम्हाला ते माहीत नव्हतं असं थोडंच? पण तुम्ही म्हणालात, "चिखलाचं मला इचारू नको. आक्काला इचार." आई तोपर्यंत परसातूनच कामाकडे बघायची. तिनं येऊन कालवलेला चिखल बोटांत धरला आणि म्हणाली, "ह्यानं उद्याच भेगा पडतील." पदर खोचून ती चिखलात उतरली. गव्हाचा भुसा तिनं आणखी दोन टोपल्या घातला, शेण घातलं, चार दिवस कुजू दिलं, रोज तुडवलं. गिलावा लिंपताना कोठीच्या भिंतीवर तिच्या पंजाचे ठसे राहिले. ते मी पुसू दिलेले नाहीत. ज्या भिंतीला ती भीत होती तिच्यावर तिनं हात फिरवावा, यासाठी तुम्ही तो प्रश्न तिच्याकडे वळवलात. मला हे फार उशिरा कळलं.

हे वाचून कुणी एकट्यानं भिंतीचे दगड काढायला जाऊ नये, एवढं कळकळीनं सांगते. तुमच्यासारखा जाणता माणूस शेजारी असल्याशिवाय आणि इंजिनिअरला दाखवल्याशिवाय यातलं काहीच करू नये. पण पाडण्याआधी निदान कुणीतरी भिंत ठोकून तिचा आवाज ऐकावा.

कोठी, माजघर, स्वयंपाकघर झालं. गेल्या श्रावणात एका रात्री पाऊस पत्र्यावर कोसळत होता. सकाळी उठून बघते तर परसातली खाट रिकामी. आई माजघरात सतरंजीवर झोपली होती, पोट आलेल्या त्याच भिंतीला पाठ टेकून. मी तिला उठवलं नाही. चहा टाकला आणि तुम्हाला फोन केला. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत, मग विचारलंत, "गळलं तर न्हाई ना कुठं?"

नाही मामा, कुठेच गळलं नाही.

ओसरी राहिली आहे. दिवाळीनंतर माती उतरवायची आहे, टेकूची लाकडं आणून ठेवली आहेत. आई म्हणते, मामांना म्हणावं रविवारी भाकरी आणि शेंगाची चटणी करते, जेवायलाच या.

तुमची,
माजघरातली लेक