‘लॉसलेस’ म्हणून दिलेल्या फाइली लॉसलेस नसल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग,
ऑनलाइन ऑडिओ कन्व्हर्टर सेवा

विषय: वेव्हवरून फ्लॅक करताना आवाजाचा दर्जा घसरणे व वर्गणी परत मिळणे

महोदय/महोदया,

‘फ्लॅकमध्ये शंभर टक्के मूळ दर्जा’ या आपल्या जाहिरातीवर विसंबून मी वार्षिक वर्गणी भरली. माझ्याकडे मैफलींच्या ध्वनिमुद्रणाच्या वेव्ह (आवाज न दाबता जसाच्या तसा साठवणाऱ्या) फाइली आहेत: 44.1 किलोहर्ट्‌झ, 16 बिट, स्टिरिओ. अशी फाइल मिनिटाला सुमारे 10 एमबी जागा खाते, म्हणून त्या फ्लॅक करून ठेवायच्या होत्या; फ्लॅक लॉसलेस असतं, म्हणजे आवाजातलं काहीही न गमावता फाइल लहान करतं. आपल्याकडून परत आलेल्या फाइली नावाने फ्लॅक आहेत, पण आतला आवाज एमपी3मधून, म्हणजे जागा वाचवायला आवाजाचा काही भाग टाकून देणाऱ्या प्रकारातून, काढलेला आहे.

शंका पहिल्यांदा कानालाच आली. गाणं संपल्यावरच्या टाळ्या पाण्याखाली वाजवल्यासारख्या येत होत्या. टाळ्या, झांजा असे आवाज कमी बिटरेटच्या (सेकंदाला कमी डेटा वापरणाऱ्या) एमपी3ला झेपत नाहीत, हे या कामातल्या कुणालाही ठाऊक असतं. म्हणून ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये दोन्ही फाइलींचे स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या वारंवारतेचा आवाज केव्हा आहे ते दाखवणारी चित्रं) शेजारी-शेजारी उघडले. मूळ फाइलीत टाळ्यांचा आवाज 20 किलोहर्ट्‌झपर्यंत दिसतो. तुमच्या फाइलीत 16 किलोहर्ट्‌झपाशी सगळं एका सरळ रेषेत थांबतं. शिवाय प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीला मुळात नसलेली क्षणभराची शांतता आहे. ही भर एमपी3 एन्कोडर घालतो, फ्लॅक घालत नाही. एक लांबलेला राग दोन फाइलींत होता. सलग ऐकताना त्याच्या सांध्यावर आता खटका बसतो.

तरीही कान आणि डोळे दोन्ही बाजूला ठेवू. फ्लॅक फाइलीच्या आरंभीच मूळ ध्वनीचा एमडी5, म्हणजे त्याच्या डेटावरून काढलेला आणि जराशा फरकानेही बदलणारा ठसा, नोंदवण्याची सोय असते. त्याच वेव्ह फाइली मी एफएफएमपेग हा रूपांतराचा प्रोग्राम वापरून माझ्या संगणकावर फ्लॅक केल्या. त्यांचे एमडी5 मूळ ध्वनीशी तंतोतंत जुळले, तुमच्या एकाही फाइलीचा जुळला नाही. तुमच्या फाइली आकारानेही लहान आहेत, आणि त्यात कौतुकाचं काही नाही: वरचा आवाज आधीच छाटला, तर उरलेला कमी जागेत मावणारच.

यावर आपल्या प्रतिनिधींनी आधी हेडफोन बदलून पाहायला सांगितलं. मग ‘बिटरेट एमपी3पेक्षा कितीतरी जास्त दिसतोय, म्हणजे दर्जा उत्तम आहे’ असं कळवलं. फ्लॅकचा बिटरेट फक्त आतला आवाज साठवायला किती जागा लागली ते सांगतो. तो आवाज कुठून आला ते नाही. एमपी3त गळालेलं फ्लॅक केल्याने परत येत नाही, हे कन्व्हर्टर विकणाऱ्यांना ग्राहकाने समजावायचं, म्हणजे कमाल आहे!

माझा अंदाज असा की, ब्राउझरमध्ये ऐकवण्यासाठी आपण अपलोड झालेल्या फाइलीची हलकी एमपी3 प्रत बनवता आणि पुढचं रूपांतर मूळ फाइलीऐवजी त्या प्रतीवरून होतं. तसं असेल तर दुरुस्ती अवघड नसावी.

पण तोवर एक गोष्ट आजच्या आज थांबवा. रूपांतर झाल्यावर आपलं पान सुचवतं: ‘मूळ फाइली काढून टाका, जागा वाचवा’. मी तो सल्ला मानला नाही, म्हणून माझं ध्वनिमुद्रण शाबूत आहे. ज्यांनी मानला, त्यांच्याकडे आता छाटलेला आवाजच उरला असेल आणि त्यांना ते माहीतही नसेल. अशा सर्व ग्राहकांना आपण स्वतःहून कळवावं, तेही स्पष्ट शब्दांत.

माझी संपूर्ण वर्गणी परत करावी व पुढचं आपोआप नूतनीकरण रद्द करावं. माझ्या अपलोड केलेल्या फाइली ‘24 तासांत नष्ट होतात’ असं आपण म्हणता, पण त्यांच्या लिंक अजून उघडतात. त्या काढून टाकल्याचं लेखी कळवावं. हेडफोनविषयीचं उत्तर पुन्हा पाठवू नये. ही तक्रार तांत्रिक विभागाकडे द्यावी.

सोबत दोन्ही स्पेक्ट्रोग्राम, एमडी5ची यादी आणि वर्गणीची पावती जोडली आहे.

आपला,
एक वर्गणीदार