चिन्मयच्या जर्मनीबद्दल

हानोवर, जून 2025

ती. मामा व ती. मामींना साष्टांग नमस्कार.

बारावी झाली, आता चिन्मयला सल्लागारांमार्फत जर्मनीला शिकायला पाठवायचं का, हा तुमचा निरोप मिळाला. फोनवर सांगत बसले असते तर निम्मं मामी विसरली असती आणि निम्मं तुम्ही उलटं ऐकलं असतं, म्हणून लिहूनच काढते. वाचून झालं की चिन्मयच्या हातात द्या.

सगळ्यात आधी, कॅप राउंडला त्याला जी इंजिनिअरिंगची सीट मिळेल ती सोडू नका. सांगलीचं वालचंद कॉलेज मिळालं तर उत्तमच, नाही मिळालं तरी सांगली-कोल्हापूरकडचं जे बरं कॉलेज मिळेल ते घ्या. ते सल्लागार ‘बारावी झालीय, आता थेट जर्मनी, फी शून्य’ म्हणाले, त्यातलं फीचं बरंचसं खरं आहे. थेट प्रवेशाचं मात्र नाही.

इथली मुलं बारा-तेरा वर्षांची शाळा करून आबिटुर नावाची परीक्षा देतात आणि तिच्यावर विद्यापीठात जातात. आपली नुसती बारावी त्या बरोबरीची धरत नाहीत. मग आपल्याकडच्या मुलाने यायचं कसं? जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास असेल तर इंजिनिअरिंग आणि विज्ञानाला सरळ अर्ज करता येतो. चिन्मयने सगळा जोर सीईटीवर दिला, अ‍ॅडव्हान्स्डला बसलाच नाही, तेव्हा तो विषय मिटला. उरतात दोन वाटा. एक म्हणजे इथे येऊन वर्षभराचं श्टुडिएनकोलेग, म्हणजे विद्यापीठाआधीचा तयारीचा कोर्स, करायचं. दुसरी म्हणजे आपल्याकडे मान्यताप्राप्त कॉलेजात पदवीचं निदान पहिलं वर्ष पूर्ण पास व्हायचं आणि त्याच विषयात इथे अर्ज करायचा.

सल्लागारांना पहिली वाट विकायची आहे. श्टुडिएनकोलेग वाईट नाही. इथे हानोवरलाच सरकारी आहे, आणि सरकारी ठिकाणी शिकवणीची फी नसते. इंजिनिअरिंगवाल्यांसाठी टी-कुर्स असतो, दोन सेमिस्टरचा. पण त्यात शिरायलाच परीक्षा असते, जर्मनची आणि गणिताची. गणित आपल्या पोरांना अवघड जात नाही, पण प्रश्न जर्मनमध्ये असतो. किंमत काढायची आहे की सिद्ध करायचं आहे हेच कळलं नाही तर सीईटीची तयारी काय कामाची? भाषेच्या ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा पायऱ्या असतात, त्यातलं बी-वन, बऱ्याच ठिकाणी बी-टू इतकं जर्मन त्यासाठी लागतं, आणि चिन्मयला अजून ‘गुटेन मॉर्गेन’च्या पुढे येत नाही. शेवटची परीक्षा नापास झाला तर साधारण एकदाच पुन्हा बसता येतं. तीही गेली तर त्या वाटेने विद्यापीठ संपलं, आणि घरी पोरगं बारावी पासचं बारावी पासच राहिलं.

सल्लागारांच्या कागदावर जे कॉलेज आहे ते खाजगी आहे, मी पाहिलं. खाजगी ठिकाणी फी भरपूर असते, आणि बऱ्याच ठिकाणी शेवटची परीक्षा बाहेरच्या सरकारी केंद्रावर जाऊन द्यावी लागते. त्यांना विचारा की परीक्षा कुठे होते आणि ती कोण घेतं. उत्तरात गोलगोल बोलले की चहा पिऊन उठा.

म्हणून माझं मत दुसऱ्या वाटेला. पहिलं वर्ष सांगलीत, घरचं जेवण, संध्याकाळी जर्मन. फक्त तीन गोष्टी नीट समजून घ्या. पहिलं म्हणजे केटी ठेवून चालायचं नाही, वर्षाचे सगळे विषय सुटले पाहिजेत. दुसरं, मेकॅनिकलला प्रवेश घेतला आणि वर्षाने कॉम्प्युटरला जातो म्हणाला तर इथे ते बहुतेक जमत नाही, कारण ही पात्रता त्या विषयापुरतीच धरतात. तेव्हा शाखा आत्ताच विचार करून निवडा, तुमच्या कुपवाडच्या कारखान्याच्या शेडकडे बघून नको. तिसरं, इथे आल्यावर त्याला पुन्हा पहिल्या सेमिस्टरपासूनच सुरू करावं लागेल असं धरून चाला. तिकडचे एक-दोन विषय माफ झाले तर बोनस.

आणि भाषा. इथले बॅचलरचे बहुतेक कोर्स जर्मनमध्येच चालतात. प्रवेशाला साधारण सी-वन लागतं. टेस्टडाफ नावाची परीक्षा आहे, तिच्या चारही भागांत 4 ची पातळी यावी लागते. शून्यापासून तिथवर यायला कॉलेज सांभाळून दीड-दोन वर्षं सहज जातात, मग वर्षाची दोन झाली तरी होऊ देत. क्लास ऑनलाइन चालेल, परीक्षेला मात्र पुण्याला मॅक्सम्युलर भवन या जर्मन भाषेच्या संस्थेत जाऊ दे.

मार्कांची तुम्ही फार काळजी करताय. चिन्मयला 78 टक्के आहेत ना? इथे 1 म्हणजे उत्तम आणि 4 म्हणजे काठावर पास. आपले टक्के त्यात बसवायचं सूत्र आहे. शंभरातून त्याचे मार्क वजा करा, 22 उरले. शंभरातून पासिंगचे 35 वजा करा, 65 उरले. 22 ला 65 ने भागा, तिनाने गुणा आणि त्यात 1 मिळवा. 2.0 येतात. मामा, हे चांगले मार्क आहेत. मेकॅनिकलला बऱ्याच ठिकाणी जागांची मर्यादाच नसते, अट पूर्ण केली की प्रवेश. पहिल्या वर्षाचे मार्क कसे धरायचे ते मात्र ज्याचं त्याचं विद्यापीठ ठरवतं, म्हणून अर्जाआधी त्यांना ईमेल करून लेखी उत्तर घ्यायचं. ते मी करीन.

आता पैसे. सरकारी विद्यापीठात बहुतेक राज्यांत फी नाही, सेमिस्टरला शंभर ते चारशे युरोच्या आसपास वर्गणी असते, त्यात पुष्कळदा बस-ट्रामचा पासही येतो. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता फी सुरू केलीय. खरा आकडा आहे तो बंद खात्याचा. व्हिसाआधी 11,904 युरो खात्यात भरून दाखवावे लागतात, म्हणजे जवळजवळ बारा लाख रुपये. ते कोणाला द्यायचे नसतात, चिन्मयलाच महिन्याला 992 युरो परत मिळतात, खोली आणि जेवणाला. त्याआधी एपीएस नावाची कागदपत्रांची तपासणी, तिचे 18,000 रुपये. 2022 च्या नोव्हेंबरपासून ती सक्तीची आहे. ही दोन्ही कामं मुलगा स्वतः करू शकतो. त्यासाठी कोणाला दोन-तीन लाख मोजायचं कारण मला तरी दिसत नाही. प्लॉट विकायचा तर विचारही करू नका.

तुम्हाला आवडेल असं एक सांगते. इथे बऱ्याच राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या शाळा वेगळ्या होतात, आणि मला ते फार लवकर वाटतं. माझ्या खालच्या मजल्यावरचा मुलगा आबिटुरच्या शाळेत गेला नाही, कारखान्यात उमेदवारी करतोय. काही दिवस कारखान्यात, काही दिवस शाळेत, आणि महिन्याला पगार. पुढे तो माइस्टर, म्हणजे परीक्षा देऊन उस्ताद कारागीर, झाला की आबिटुर नसतानाही विद्यापीठात जाऊ शकतो. 2009 पासून सगळ्या राज्यांनी तसं मान्य केलंय. आपल्याकडे डिप्लोमावाला थेट दुसऱ्या वर्षाला येतो तशी सोय. मेकॅनिकलच्या मुलांनासुद्धा बऱ्याच ठिकाणी प्रवेशाआधी किंवा पहिल्या काही सेमिस्टरांत काही आठवडे वर्कशॉपमध्ये काम केल्याचा दाखला मागतात. कानस मारणं, लेथ, वेल्डिंग, सगळं. चिन्मयने सुट्टीत शेडवर यायला कुरकुर केली तर हे वाचून दाखवा. घरच्या कारखान्याचा दाखला सगळीकडे चालत नाही, म्हणून शेजारच्या कोणाच्या तरी शेडमध्ये पाठवा. तिथे तो जास्त कामही करेल.

आणि समजा दोन वर्षांनी त्याला वाटलं की तिकडे सांगलीतच बी.टेक. पूर्ण करावं, तर काही बिघडलं नाही. मीही तशीच आले. मास्टर्सला इंग्रजीतून चालणारे कोर्स पुष्कळ आहेत, आणि बाविसाव्या वर्षी परदेशात एकटं राहणं अठराव्यापेक्षा खूप सोपं जातं. हे मामीसाठी लिहिलंय.

रविवारी दुपारी चिन्मयला फोन करायला सांगा, बारावीची मार्कशीट समोर घेऊन.

तुमची भाची,
मनू

ता. क. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं. पासपोर्ट काढताना नाव, वडिलांचं नाव, आडनाव यांची अक्षरं मार्कशीटशी एकेक करून जुळवून बघा. माझ्या एका अक्षरापायी अ‍ॅफिडेव्हिट करावं लागलं होतं, बाबांना विचारा.