दुसरे रक्त कोण घेणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस सुरू झाला तशी आमच्या वाडीत लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची, पत्रके लागली, आशाताई तो टाळण्यासाठी डॉक्सीसायक्लीनच्या गोळ्याही देऊन गेल्या. त्यांच्याविषयी तक्रार नाही. त्या बिचाऱ्या चिखल तुडवत घरोघरी येतात.

गेल्या वर्षी लावणीत माझ्या धाकट्या भावाला ताप भरला. पायांना चिरा पडलेल्या, त्यात दिवसभर शेतातले पाणी आणि मेरेला उंदरांची बिळे. पोटऱ्या इतक्या दुखत की पडवीच्या दोन पायऱ्या चढवेनात. तिसऱ्या दिवशी रक्त तपासले. ‘लेप्टो निगेटिव्ह’. घरात सगळ्यांना हायसे वाटले. पाचव्या दिवशी डोळे लाल झाले, मग पिवळे, आणि त्याला दाखल करावे लागले. नवव्या दिवशी पुन्हा रक्त घेतले, तेव्हा तीच तपासणी पॉझिटिव्ह आली. तो वाचला, यंदा पुन्हा चिखलणीला उतरलाय.

पहिला कागद खोटा नव्हता, हे नंतर कळले. नेहमीची तपासणी शोधते ती आपल्या शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे, आणि ती दिसण्याइतकी वाढायला साधारण आठवडा जातो. त्याआधी खुद्द जंतू रक्तात असतो; तो पीसीआरने, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीने, सापडू शकतो. म्हणून सुरुवातीला पीसीआर, नाहीतर आठवडा-दहा दिवसांनी दुसरे रक्त. कोविडात, 2020 साली, आरटीपीसीआर हा शब्द आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्याही तोंडी बसला होता. तेव्हा आणलेली यंत्रे पावसाळ्यात लेप्टोसाठी का चालू नयेत? त्यांना किट लागतात आणि चालवणारा माणूस लागतो, जो कंत्राट संपले म्हणून ऐन जुलैत घरी जाणार नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. भावाचा रिपोर्ट आल्यावर आमच्या शेतावर कोणी फिरकले नाही. पाणी कुठल्या व्हाळातून येते, त्याच कोपऱ्यात लावणीला आणखी कोण होते, कोणाला कणकण आहे का, काहीच विचारले नाही. शेजारच्या काकींना त्याच आठवड्यात ताप होता. त्यांनी तो अंगावर काढला. त्या कुठल्याच आकड्यात नाहीत.

हे विचारत फिरणे हेच साथरोगतज्ज्ञाचे काम. देशात रोग सर्वेक्षणाचा कार्यक्रम 2004 पासून आहे, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात 2012 पासून अशा तपासासाठी अधिकारीही घडवतात. आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही. शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात 1957 मध्ये ओळखला गेलेला माकडताप 2016 साली दोडामार्गात निघाला, तेव्हा मेलेली माकडे आणि गोचिडी यांचा माग घ्यावाच लागला. काजूच्या बागेत माकड मरून पडले तर कळवायचे, हे तिथल्या माणसाला आज सांगावे लागत नाही. मग उंदराच्या बिळापर्यंत कोणी का जात नाही?

तज्ज्ञ आणि किट येतील तेव्हा येतील. तोवर निगेटिव्ह रिपोर्टवर एक शिक्का तरी मारा: ‘ताप किंवा अंगदुखी राहिल्यास थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा, आठवड्याने पुन्हा रक्त तपासा.’ आणि तो कागद देताना रुग्णाचा फोन नंबर वहीत लिहून घ्या, म्हणजे आठव्या दिवशी कोणाला तरी विचारता येईल, बरे आहे का?

आपला,
एक भातशेतकरी
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग