विषय : एक्स्चेंजमध्ये दिलेला ओएलईडी मॉनिटर अक्षरजुळणीच्या कामाला निरुपयोगी

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

मी पुण्यात डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पुस्तकांची-अंकांची पानं जुळवण्याचं काम करते. १९९८ साली १५ इंची सीआरटीवर (जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवर) सुरुवात केली, २०१० मध्ये एलसीडी घेतला. यंदा जानेवारीत तुमच्या दुकानातून एक्स्चेंजमध्ये ३४ इंची क्यूडी-ओएलईडी (ओएलईडी पडद्याचाच एक प्रकार) मॉनिटर घेतला. माझा चांगला चालणारा आयपीएस पॅनेलचा (एलसीडीचाच एक प्रकार) मॉनिटर तुम्ही जमा करून घेतलात. "रोज दहा तास मराठी मजकूर लावते, चालेल ना?" असं मी दोनदा विचारलं होतं. "मॅडम, याच्यापुढे काही नाही," असं उत्तर मिळालं.

पहिल्याच दिवशी डोळे दुखले. शिरोरेषेच्या एका कडेला हिरवट आणि दुसऱ्या कडेला गुलाबी झाक दिसते. याचं कारण मी नंतर शोधून काढलं. साध्या एलसीडीत लाल, हिरवा, निळा हे ठिपके एका ओळीत शेजारी शेजारी असतात आणि विंडोज अक्षरांच्या कडा त्याच हिशेबाने गुळगुळीत करतं. या पॅनेलमध्ये ते त्रिकोणात मांडलेले आहेत, म्हणून आडव्या रेषेला रंगाची कड येते. इंग्रजीत आडव्या रेषा अधूनमधून येतात. आपल्या लिपीत प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर एक आहे. अनुस्वार सुटलाय की नाही, रफार कुठल्या अक्षरावर आहे, हे बघायला मला आता प्रिंट काढावी लागते. दिवाळी अंकाची १६० पानं मी अशी तपासली.

ऑगस्टपासून दुसरा त्रास सुरू झाला. कोऱ्या करड्या पानावर टूलबारचा आणि खालच्या पट्टीचा ठसा दिसतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि वापराने झिजतो. एकच चित्र तासन्‌तास एका जागी राहिलं की तिथली झीज वेगळी पडते. सीआरटीलाही असा डाग पडायचा, स्क्रीनसेव्हर त्यासाठीच आले. म्हणजे ही गोष्ट विकणाऱ्याला ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही. मॉनिटरमधली पॅनेल साफ करण्याची सोय मी तीनदा चालवली, फरक पडला नाही. तुमचे तंत्रज्ञ घरी येऊन म्हणाले, "हा गेम आणि सिनेमासाठी आहे, ठसा वॉरंटीत बसत नाही." हे वाक्य मला जानेवारीत ऐकायला हवं होतं.

सिनेमासाठी हा पडदा सुंदर आहे. त्याच्यासारखा काळा रंग मी आजवर पाहिला नाही. पण माझं पोट अक्षरांवर चालतं.

हा मॉनिटर परत घेऊन २७ इंची, ४के, आयपीएस पॅनेलचा मॉनिटर द्यावा आणि किमतीतला फरक परत करावा. तसा मॉनिटर नसेल तर पूर्ण पैसे आणि माझ्या जुन्या मॉनिटरची धरलेली किंमत परत हवी. बिलाची झेरॉक्स, ठशाचे फोटो आणि तंत्रज्ञांचा अहवाल सोबत जोडला आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपली,
एक ग्राहक, पुणे